डोंग्याच्या पोटातले दगड

चैत्र लागला की मला ओल्या मोहाच्या लाकडाचा वास येतो. गोंदियात मी जिथे राहते तिथे असला वास यायचं काही कारण नाही. धानगिरणीच्या मागे माझ्या दोन खोल्या आहेत, आणि तिथे बारा महिने कोंडाच उडतो. वाळत घातलेल्या साडीवर कोंडा, वरणावर कोंडा, वार्षिक परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर कोंडा. तरी पेपर तपासता तपासता तो वास येतोच. मग चौथीच्या पोरानं काय लिहिलंय ते दिसेनासं होतं आणि मी त्याला उगाच दोन मार्क जास्त देऊन टाकते.

आम्ही ढिवर. कामठ्याच्या पुढे आमचं गाव, आणि गावाला जुना मालगुजारी तलाव. मासे आमचे, शिंगाडे आमचे, आणि पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, चिखलात घसरून पडायचा मान पहिला आमच्याच पोरांचा. बाबाचा एक डोंगा होता, म्हणजे लहान होडी. मोहाच्या एका अखंड खोडातून कोरलेला, आजोबाच्या हातचा. डोंग्याचं एक असतं, त्याला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात तो काठावर पडून राहिला तर आठ दिवसांत तडकतो. म्हणून पाणी उतरू लागलं की त्याला तलावाच्या सगळ्यात खोल जागी नेऊन पोटात दगड भरायचे आणि बुडवून टाकायचा. उन्हाळाभर तो तळाशी गार झोपतो. तलाव पुन्हा भरला, आखाडीचा सण झाला, की एकानं वर दोर धरून बसायचं, दुसऱ्यानं बुडी मारून एकेक दगड बाहेर काढायचा. दगड संपत आले की डोंगा हळूच कूस पालटतो, पोटातला गाळ सांडतो आणि वर येतो. लहानपणी मी पाळीवरून ते बघायची. तळाचं काळं काहीतरी अंग हलवत वर यायचं, आणि मला दरवर्षी भीती वाटायची.

याला आमच्याकडे एक नेम होता. ज्यानं दगड भरले त्यानंच ते काढायचे. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, नाहीतर डोंगा माणूस मागतो. बाबा कुठल्याच देवाला फारशी भीक घालत नसे, पण हा नेम त्यानं कधी मोडला नाही. एका वर्षी त्याला कावीळ झाली होती, तर डोंगा पार पोळ्यापर्यंत तळाशी राहिला. माय कटकट करत राहिली आणि आम्ही मासे विकत आणून खाल्ले. ढिवराच्या घरी विकतचे मासे! गाव हसलं. बाबा म्हणाला, "हसू दे. दगड माह्या हातचे हायत."

मग नरेश मोठा झाला. नरेश म्हणजे माझा धाकटा भाऊ. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तो दहावीत गटांगळी खाऊन मोकळा झाला होता आणि तळ्यात मात्र गटांगळी कशी असते ते त्याला ठाऊक नव्हतं. दम असा की बुडी मारली की पाळीवरच्या बाया भाजी निवडायचं थांबवून पाण्याकडे बघत बसायच्या. दगड भरायचं काम बाबानं त्याच्याकडे दिलं. आमच्यात ते सोपवणं म्हणजे घरच सोपवणं. पाच-सहा वर्षं त्यानं दगड भरले आणि काढले. मग एका चैत्रात त्यानं भरले, आणि वैशाखात मजुरांच्या टोळीबरोबर कोकणात निघून गेला. कुठल्याशा बंदरावर धक्क्याचं काम होतं. जाताना म्हणाला, "आखाडीले येतोच ना मी."

आखाडी आली. तो नाही आला. दुसरी आली, तेव्हाही नाही. मधल्या काळात माय गेली. त्याला निरोप उशिरा मिळाला, तो तेराव्यालाही पोचला नाही. धक्क्याचं काम संपून तो एका होडीवर लागला होता. इंजिनाच्या पंख्यात अडकलेलं जाळं त्यानं बुडी मारून सोडवलं म्हणून मालकानं ठेवून घेतला. बाबा पाळीवर जाळं विणत बसायचा, दुसऱ्यांच्या डोंग्यांवर दुसऱ्यांची जाळी टाकायला जायचा. एक दिवस मला म्हणाला, "दोन पावसाचा गाळ बसला व पोरी. तिसरा बसला का डोंगा उठत नाही. मंग दगड काढून बी फायदा नाही." एवढं बोलून तो पुन्हा जाळं विणू लागला. पण मला कळलं की त्याला नरेशला आणायला जायचं आहे, आणि ते या उन्हाळ्यातच.

तो उन्हाळा. माझ्या आयुष्यात उन्हाळे पुष्कळ आले, पण 'तो' म्हटलं की तोच. शाळेला सुट्टी लागल्यावर मी आणि बाबा निघालो. दोन गाड्या, एक एसटी, आणि बाबाच्या पिशवीत भाजलेले झिंगे आणि मोहफुलांचा लाडू, कारण पोराला आवडतो. सगळा महाराष्ट्र आडवा कापत आम्ही गेलो. खिडकीतून कुठे तलाव दिसला की बाबा म्हणायचा, "यात काय नाही," किंवा "यात मरळ असंल." ऐकणारे प्रवासी त्याला मासे जाणणारा ज्योतिषी समजले असावेत.

समुद्र बघून बाबा थेट पाण्यात शिरला. खाली वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "येवढं पानी आन वाया गेलं," म्हणाला.

नरेश काळा झाला होता, रुंद झाला होता, आणि त्याच्या बोलण्यात तिकडचे हेल आले होते. होडीचा मालक हा एक म्हातारा तांडेल होता. मासेमारी सोडून त्यानं हा नवा धंदा धरला होता. पर्यटकांना होडीतून दूर न्यायचं, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी देऊन पाण्यावर पालथं तरंगवायचं, आणि खालची पोवळी दाखवायची. गर्दीच्या जागी तो जात नसे. सहापेक्षा जास्त माणसं घेत नसे. नरेशचं काम माणसांचा हात धरून त्यांना बुडू न देणं. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी चारच गिऱ्हाइकं होती, एक पुण्याचं जोडपं आणि कॉलेजातल्या दोन मुली. तांडेलानं बाबालाही पोराचं काम बघायला सोबत बोलावलं, म्हणाला, "चला वांगडा. झिलाचा काम बघा तरी."

मी सलवार-कमीजवर ते नारंगी जाकीट चढवलं आणि नळी तोंडात घेतली. मास्तरीण असून असा अवतार. शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर वर्षभर धाक राहिला नसता. पहिल्यांदा नाकातोंडात खारं पाणी गेलं, डोळे चुरचुरले, नरेश ओरडला, "ताई, नाकानं नको, तोंडानं घे!" मग श्वास जुळला. आणि मी खाली पाहिलं.

ते मी कोणाला धड सांगू शकलेले नाही. खाली बाग होती म्हटलं तर खोटं, बागेत एवढी शांतता नसते. फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी पोवळी, तपकिरी, पिवळट, एखादं जांभळं. त्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे येत-जात होते, घाई नाही, भीती नाही. उन्हाचं जाळं तळाच्या वाळूवर पसरलं होतं आणि हलत होतं. माझ्या स्वतःच्या श्वासाचा आवाज मला कानात ऐकू येत होता. मी तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांची होते, ढिवराची लेक होते, आणि पाण्याच्या आत काय असतं ते पहिल्यांदा बघत होते.

बाबाचंही तेच. आमच्या तलावाचं पाणी गढूळ. तिथे बुडी मारणारा डोळे मिटून घेतो, सगळं काम हातांच्या बोटांनी करतो. बाबानं साठ वर्षं पाण्यात काढली ती आंधळ्यासारखी. नळी त्यानं घेतलीच नाही. "नळी कायले? दम आपला हाय." मुखवटा मात्र नरेशनं आग्रहानं बांधला. बाबानं पाण्यात डोकं घातलं आणि कितीतरी वेळ वर काढलं नाही. मी बाजूला तरंगत होते. तो मासे बघत नव्हता. तो स्वतःचे हात डोळ्यांपुढे धरून उलटेसुलटे करून बघत होता.

वर आल्यावर म्हणाला, "येवढे मासे, आन कोनी पकडून नाही राहिलं?"

"इथं पकडत नाही, बाबा. बघायचे पैसे देतात लोकं."

"नुसते बघाचे?" बाबानं पुण्याच्या जोडप्याकडे दयेनं पाहिलं. मुली खिदळल्या. सगळे हसले, मीही. मनापासून हसलेली ती शेवटचीच वेळ असं मी म्हणणार नाही, त्यानंतरही हसले असेन. पण नरेश, बाबा आणि मी एका वेळी हसलो ते तेव्हाच.

त्या पोवळ्यांच्या पुढे, जिथे पाणी दीड-दोन पुरुष असेल, तिथे तांडेलानं होडी थांबवली. खाली एक जुनं गलबत बुडालेलं होतं. फळ्या कुजून गेलेल्या, बरगड्या तेवढ्या उभ्या, आणि त्यांवर पोवळ्यांचे थर चढलेले. बरगड्यांच्या मधोमध दगडांची रास होती, गोल, मुठीएवढे ते डोक्याएवढे. मी ते वरून तरंगत पाहिलं आणि मला डोंगाच आठवला. बाबा बुडी मारून खाली गेला. त्यानं त्या दगडांवर तळहात ठेवला. उचलला नाही एकही. नुसता हात ठेवून थांबला आणि वर आला.

होडीच्या कडेला धरून त्यानं नरेशला विचारलं, "हा कोनं बुडवला गा?"

"बुडवला नाही, बाबा. बुडला. लय जुनी गोष्ट हाय."

"बुडला कसा? दगड तं भरले हायत पोटात. ज्यानं भरले तो कुठं गेला? अजून कायले काढून नाही राहिला?"

पुण्याचे गृहस्थ हसू दाबत होते. तांडेलानं समजावलं की रिकामं गलबत हलकं होऊन कलंडू नये म्हणून त्याच्या पोटात दगड घालत, वादळात ते दगडांसकट तळाला गेलं, माणसंही गेली. बाबानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग बरोबर हाय. काढनाराच नाही तं कोन काढंल? दुसऱ्याच्या हातचे दगड." आता कोणीच हसलं नाही. नरेश होडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन दोर गुंडाळू लागला, जो आधीच गुंडाळलेला होता.

त्या संध्याकाळी वाळूवर मी नरेशला गाठलं. म्हटलं, पावसाळ्यात तुझं काम बंदच असतं, होड्या वर ओढून ठेवतात. आखाडीला ये, दगड काढ, आठ दिवसांनी परत ये. कोण अडवतं?

"म्हनूनच नाही येत, ताई."

"म्हणजे?"

"एकदा का दगड काढले, का चैतात भरा लागतात. भरले का काढा लागतात. मंग मी गेलो कामातून. अन् भरतो म्हटलं तरी कशात? तलाव ठेकेदाराचा, पानी बेशरमाच्या झुडपाईनं भरलं. बाबाले डोंगा पायजे, मले नाही." त्यानं पायानं वाळू उकरली. "नाही येत मी. कधीच. तू सांग बाबाले. मले तोंड नाही."

तो वाईट नव्हता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. त्याचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. पण निरोप द्यायचं काम त्यानं माझ्या पदरात टाकलं, आणि मी ते केलं नाही.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसला होता. इगतपुरी सुटल्यावर त्यानं विचारलं, "का म्हनला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी झाकली. म्हणाले, "येतो म्हणाला, बाबा. आखाडीले." बाबा म्हणाला, "मले वाटलंच होतं," आणि मोहफुलांच्या लाडवाचा उरलेला तुकडा पिशवीतून काढून खाल्ला.

त्या आखाडीला तो पाळीवर दोर घेऊन बसला. सकाळी बसला तो दुपारी शाळा सुटून मी गावी पोचले तेव्हाही तिथेच होता. मी म्हणाले, नरेशचा फोन होता, होडीचं काम निघालं, पोळ्याला येईल. पोळ्याला म्हणाले, दिवाळीला. मास्तरणीला वाक्यं जुळवायला काय लागतं? कधी त्याला ताप आला, कधी मालक आजारी पडला, कधी रेल्वेचं तिकीट मिळालं नाही. पुढे पुढे बाबा विचारायच्या आधीच मी सांगून मोकळी व्हायची.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबा अचानक फणफणला. उजव्या कानातून रक्तपाणी येत होतं, बोटांची सालं निघाली होती, एक नख उलटलं होतं. पाळीवरून घसरलो म्हणाला. मी त्याला गोंदियाला डॉक्टरकडे आणलं. डॉक्टरनं कानात बघून विचारलं, "पडदा फट गया है. पानी में उतरे थे क्या, बाबा?"

"नाही जी," बाबा म्हणाला, "पानी सोडलं मी आता." तो कान गेला तो गेलाच.

वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. बाबा थकला. गुडघे गेले, आणि मी त्याला गिरणीमागच्या खोलीत आणून ठेवला. खिडकीशी त्याची खाट आहे. नरेशचा फोन दिवाळीला येतो. तांडेल वारला, आता मोठ्या होड्या आहेत, चाळीस-चाळीस माणसं एका वेळी पाण्यात उतरतात. "पोवळं पांढरं पडून राहिलं, ताई. लोकं पाय देऊन उभे राहतात," तो एकदा म्हणाला. मग म्हणाला, "बाकी सगळं बरं?" मी म्हटलं, बरं.

मागच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. यंदा होळीलाच तलावात डबकं उरलं, आणि चैत्र लागता लागता गावाहून फोन आला. "मास्तरीणबाई, तुमचा डोंगा दिसून राहिला." मी बाबाला सांगितलं. तो उठून बसला. "जाऊन पाहून ये," म्हणाला. "नीट पाय. दगड कसे हायत ते पाय."

रविवारी मी गेले. तलावाचा तळ भेगाळलेला होता. बेशरमाची झुडपं तेवढी हिरवी. मधल्या खोलगट जागी अजून ओल होती आणि तिथे डोंगा होता, काठापर्यंत गाळात रुतलेला, काळा. चप्पल हातात घेऊन मी चिखलातून जवळ गेले. तोच वास.

डोंग्यात दगड नव्हते. गाळ होता, आणि त्यात दोनच दगड अर्धे बुडालेले. बाकीचे सगळे डोंग्याच्या बाजूला होते, हात-दीड हातावर, एकावर एक रचलेले. वाहून गेलेले किंवा फेकलेले नव्हते. मोठे खाली, लहान वर, बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, रचायचा तसे.

मी तिथेच चिखलात बसले. मला कान आठवला, सालटलेली बोटं आठवली. भरल्या तलावात, वर दोर धरायला कोणी नसताना, साठी उलटलेला माणूस आंधळ्यासारखा तळाशी जाऊन मुलाच्या हातचे दगड एकेक करून बाहेर काढत होता. जन्मभर पाळलेला नेम त्यानं मोडला होता. डोंगा माणूस मागतो, हे माहीत असून मोडला होता. शेवटचे दोन राहिले तेव्हा कान फुटला असेल, किंवा डोंगा उठत नाही हे त्याला कळलं असेल. म्हणजे नरेश येणार नाही हे त्याला त्याच पावसाळ्यात ठाऊक होतं. बहुतेक त्या होडीतच कळलं होतं. आणि त्यानंतरची सगळी वर्षं मी ताप आणि तिकिटं सांगत राहिले, आणि तो "असं का?" म्हणत ऐकत राहिला. मी त्याला सांभाळत होते, असं मला वाटत होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या उन्हात मी मोठ्यानं रडले, आणि ऐकायला एक बगळा होता.

दुपारी घरी पोचले तर बाबा जागाच होता. माझ्या पायांच्या चिखलाकडे त्यानं पाहिलं.

"दिसला?"

"दिसला."

"फुटला तं नाही?"

"नाही, बाबा. चांगला हाय."

गिरणीचा पट्टा घरघरत होता. मग त्यानं विचारलं, "दगड?"

खरं बोलायची ती वेळ होती. तोंड उघडलं आणि मला त्याचा चेहरा दिसला. तो माझ्याकडे बघत होता, शाळेतलं पोर उत्तर बरोबर आलं का ते बघतं तसा.

"जसेच्या तसे हायत, बाबा," मी म्हणाले. "एक बी हालला नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाला. "मंग नरेशलेच काढा लागंल."

आणि तो हळूच कूस पालटून डाव्या, चांगल्या कानावर झोपला, ऐकू न येणारा कान माझ्याकडे करून.